जमीन कोर्टाआधीच अडते

एखाद्या गृहयोजनेला जबलपूरच्या उच्च न्यायालयात 'स्टे' मिळाला की घरे रखडल्याचे खापर न्यायालयावर फुटते. जमीन मात्र बहुधा त्याआधीच अडकलेली असते. मध्य प्रदेशात 1973चा नगर तथा ग्राम निवेश कायदा आहे. आधी शहराची विकास योजना, मग विकास प्राधिकरणाची त्या योजनेला धरून वसाहत, असा त्याचा क्रम. कलम 50खाली प्राधिकरणाने वसाहतीचा नुसता इरादा जाहीर केला, तरी मालकाला स्वतःचे बांधकाम पुढे रेटणे अवघड होते. सरकारची घरे उभी राहत नाहीत आणि मालकाचीही नाहीत. वाद उपजतो तो या मधल्या काळात.

याचा सगळ्यात स्पष्ट नमुना इंदूरचा आहे. तिथल्या विकास प्राधिकरणाच्या योजनांमुळे परवानगी अडलेले जमीनमालक न्यायालयात गेले आणि प्रकरण 2007मध्ये सर्वोच्च न्यायालयात मालकांच्या बाजूने निकाली निघाले. ज्या क्षेत्राची विकास योजनाच अस्तित्वात नाही, तिथे वसाहतीची योजना टिकत नाही. मालकाच्या हक्कावर बंधन घालणाऱ्या कायद्याचा अर्थ काटेकोरच लावायला हवा, असे न्यायालयाने सांगितले. हाच कायदा जबलपूर विकास प्राधिकरणालाही लागू आहे. म्हणजे प्राधिकरण हरले ते घरे बांधायला निघाले म्हणून नव्हे, पाया घालण्याआधी भिंत उचलली म्हणून.

यावर आक्षेप येतो की काटेकोरपणाचा फायदा वकील परवडणाऱ्यालाच होतो आणि भाड्याच्या खोलीतला माणूस कोर्टात कुठेच दिसत नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण त्या माणसाला न्यायालय घर मिळवून देईल, हीही भाबडी आशाच. मुंबईच्या गिरणी जमिनींचे उदाहरण घ्या. 1991च्या नियमाने या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा म्हाडाच्या घरांसाठी ठेवला होता. 2001च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरतीच उरली आणि म्हाडाचा हिस्सा आक्रसला. 2005मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या दुरुस्तीविरुद्ध गेलेल्या पर्यावरणवाद्यांचे म्हणणे उचलून धरले; मार्च 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. इंदूरला सरकार हरले, मुंबईला जिंकले, आणि दोन्हीकडे प्रश्न अधिकाराचा होता. किती घरे होणार, याचा नव्हता. इंग्लंडमध्ये तर स्थानिक संस्थेला 5 वर्षांच्या घरांना पुरेल इतकी जमीन दाखवावी लागते. तिथेही 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले की नियोजनातला विवेक नियोजनकारांचा आहे, न्यायाधीशांचा नव्हे.

मग दुरुस्ती हवी ती आराखड्याच्या टेबलावर. महाराष्ट्राच्या 1966च्या नगररचना कायद्यातले कलम 127 त्या दिशेने जाते: आरक्षित जमीन 10 वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपते. यामुळे बागा-शाळांच्या जागा हातच्या जातात, ही तक्रार खरी आहे. पण ज्या जागेसाठी 10 वर्षांत पैसा निघाला नाही, ती नकाशावरच्या हिरव्या रंगापलीकडे कधी कुणाच्या उपयोगी पडली होती? मध्य प्रदेशाने 2019च्या दुरुस्तीत लँड पूलिंगची वाट धरली आहे. मालकाची जमीन घ्यायची आणि रस्ते-गटारे करून तिचा काही भाग त्याला परत द्यायचा. परतीचा भूखंड वेळेत हाती पडला तर मालक कोर्टाची पायरी चढणार नाही. न पडला तर पुढचे दावे आणि हरकती पुन्हा रिट याचिकेतच जातील.