मध्यममार्गी, स्वातंत्र्यवादी आणि सातबारा

राजकारणातल्या मध्यममार्गाचा बुद्धाच्या मध्यम मार्गाशी संबंध नाही, हे आधी सांगून टाकतो. विद्यार्थी दरवर्षी गफलत करतात. मध्यममार्गी म्हणतो, बाजार असू द्या, पण शासनाने त्याला वेसण घालावी. स्वातंत्र्यवादी म्हणतो, शासनाने पोलीस, न्यायालय आणि संरक्षण एवढेच पाहावे. राजाजी-मसानींचा 1959 चा स्वतंत्र पक्ष किंवा शरद जोशींचा 1994 चा स्वतंत्र भारत पक्ष या दुसऱ्या वाटेच्या जवळचे.

आमची खांदा कॉलनी सिडकोने संपादलेल्या जमिनीवर उभी आहे. संमतीवाचून जमीन घेणारे शासन कोण, असे स्वातंत्र्यवादी विचारील. जानेवारी 1984 मध्ये उरण भागात दि. बा. पाटलांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मेले; तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नाही. मध्यममार्गाने पुढे तोडगा काढला: साडेबारा टक्के विकसित जमीन परत. परंतु दोघांचाही हिशेब सातबाऱ्यापासून सुरू होतो. ज्याचे नाव त्यावर कधी चढूच दिले नाही, त्याचे काय?

बाबासाहेबांनी 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये नेमके इथे बोट ठेवले. शासन बाजूला झाले की जमीनदार खंड वाढवायला आणि भांडवलदार मजुरी कापायला मोकळा. म्हणून शेती व कळीचे उद्योग शासनाचे, आणि तेही घटनेत लिहून. उद्याच्या बहुमतावर सोडून नव्हे. मध्यममार्गी इथेच कचरतो.

घटनेच्या कलम 15 ने दुकाने, हॉटेले, सार्वजनिक विहिरी खुल्या केल्या. भाड्याच्या घराचे नाव तिथे नाही. आडनाव ऐकून ‘जागा गेली’ म्हणणारा घरमालक मलाही भेटला आहे. स्वातंत्र्यवाद्याच्या मते तो आपला हक्क बजावतो. मध्यममार्गी म्हणतो, त्याला समजावून सांगू.