मार्केट यार्डातलं परराष्ट्र धोरण

मे 2025 च्या मध्यात पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फळांच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद विकायचं नाही असं ठरवलं. दिल्लीहून तसा हुकूम आला नव्हता, आयातीवर बंदीही नव्हती. कारणं मात्र सगळ्यांना ठाऊक होती. 22 एप्रिलला पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात 26 जणांचा जीव गेला, त्यांत दोघे पुण्याचे. पुढे त्याला उत्तर म्हणून भारताने केलेल्या 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत पाकिस्तानने सोडलेल्या ड्रोनमध्ये तुर्की बनावटीचे ड्रोन असल्याचं सरकारने सांगितलं, आणि तुर्कस्तानने उघड उघड पाकिस्तानची बाजू घेतली. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात, आपण 'ऑपरेशन दोस्त'खाली तिथे बचाव पथकं आणि लष्कराचं फिरतं रुग्णालय पाठवलं होतं. त्यामुळे संतापात कृतघ्नतेची चीडही मिसळली. हंगामात हजार-बाराशे कोटींची उलाढाल या सफरचंदांवर होते, असं व्यापारी सांगत होते. बाजारातला आकडा थोडा फुगवूनच सांगितला जातो हे धरलं, तरी रक्कम लहान नव्हे. तुर्की मालाच्या जागी हिमाचल, उत्तराखंड आणि इराणचा माल आला. गिऱ्हाइकानेही तक्रार केली नाही.

परराष्ट्र धोरण म्हणजे साउथ ब्लॉकमधल्या साहेबांचं काम, सामान्य माणसाला त्यात गती नसते, असं मानणाऱ्यांना मार्केट यार्डाने चोख उत्तर दिलं. लोकांना मत असतं आणि ते खिशातूनही व्यक्त होतं. पण राष्ट्राराष्ट्रांतला विश्वास किंवा अविश्वास अशा बहिष्कारावरून जोखायचा झाला, तर एक गोष्ट आधी तपासावी लागते: राग धरताना आपल्याला किती सोसावं लागलं? माझ्या मते लोकमताचा जोर तिथेच कळतो. पर्याय हाताशी असला की राग टिकतो, नसला की तो दुसरीकडे वळतो. नेमका कुठे वळतो, हे पाहण्यासारखं आहे.

त्याच संघर्षात पाकिस्तानला चीनचा आधार किती होता? लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल राहुल सिंह यांनी जुलै 2025 मध्ये जाहीरपणे सांगितलं की, चीन पाकिस्तानला भारताच्या हालचालींची माहिती त्या त्या क्षणी पुरवत होता. स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेच्या हिशेबाने 2020 ते 2024 या काळात पाकिस्तानने आयात केलेल्या शस्त्रांपैकी 81 टक्के चिनी होती. म्हणजे तुर्कस्तानचे ड्रोन हा या मदतीतला धाकटा वाटा. तरीही तुर्कस्तानला जसं ठरवून धारेवर धरलं, तसं चीनच्या बाबतीत पुण्यात कुठे दिसलं नाही. धरणार तरी कसं? एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मोटरमध्ये ही चुंबकं बसतात. आकाराने ती किरकोळ, पण त्यांच्यावाचून गाडी बाहेर पडत नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी जुलैत इशारा दिला की, ऑगस्टमध्ये विजेवरच्या गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. सफरचंद आपण नाकारलं होतं. चुंबक चीनने आपल्याला नाकारलं.

चीनवर आपण यापूर्वी चिडलो नव्हतो असं नाही. 15 जून 2020 ला महाराष्ट्र सरकारने तीन चिनी गुंतवणुकींचे करार केले. एकूण रक्कम पाच हजार कोटींच्या घरात. त्यातला मोठा वाटा ग्रेट वॉल मोटर्सचा होता; तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ती कंपनी घेणार होती. त्याच रात्री गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले 20 जवान शहीद झाले. राज्याने तिन्ही करार 'जैसे थे' ठेवले, आणि त्या वेळी दुसरं काही करणं शक्यही नव्हतं. डिसेंबर 2020 मध्ये तळेगावची उत्पादनरेषा थांबली, कारखान्याच्या विक्रीचा व्यवहार 2022 मध्ये बारगळला, आणि ह्युंदाईने कारखाना घ्यायचा करार केला तो ऑगस्ट 2023 मध्ये. राग साऱ्या देशाचा होता. त्याचा भार मात्र तिथल्या कामगारांवर पडला. रांजणगावचा चिनी हायरचा कारखाना त्या काळातही चालूच राहिला, आणि चीनकडून होणारी देशाची आयात 2020-21 मधल्या सुमारे 65 अब्ज डॉलरवरून 2024-25 मध्ये 113 अब्ज डॉलरवर गेली. ज्या वर्षांत आपण चीनवर सर्वांत जास्त अविश्वास दाखवला, त्याच वर्षांत त्याच्यावर सर्वांत जास्त विसंबलो.

यावर कोणी म्हणेल, बहिष्कार हा इशारा असतो, त्यात नफा-तोटा काय मोजायचा? आणि तो लागूही पडतो, मालदीवचं बघा. हे म्हणणं खोडून टाकण्यासारखं नाही. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या मंत्र्यांच्या भारतावरच्या शेरेबाजीनंतर भारतीय पर्यटकांनी पाठ फिरवली; 2023 मध्ये दोन लाखांवर असलेली संख्या 2024 मध्ये एक लाख तीस हजारांच्या आसपास आली. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष मुइझ्झू दिल्लीला आले. पण ते आले तेव्हा त्यांच्या तिजोरीत परकीय चलनाचा खडखडाट होता, आणि भारताने 40 कोटी डॉलरच्या चलन-अदलाबदलीची सोय करून दिली. पर्यटकांच्या रुसव्याने चिमटा बसला. वाट मोकळी झाली ती अडीनडीला हात देण्याची ऐपत भारताकडे होती म्हणून. तुर्कस्तानवर तसा चिमटा बसणं अवघड आहे. 2024-25 मध्ये आपण त्याला विकलं 5.7 अब्ज डॉलरचं आणि घेतलं 3 अब्जांचं. व्यापार पुरता तोडला तर आपले निर्यातदार आधी ओरडतील.

पुण्याला याहून कडक बहिष्काराची आठवण आहे. ऑक्टोबर 1905 मध्ये इथे विलायती कापडाची होळी झाली. शाळेच्या पुस्तकांत तेवढीच राहिली. तिच्यापुढचं काम मात्र कुणाला फारसं ठाऊक नसतं. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव एकेक पैसा जमवून पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि 1908 मध्ये याच तळेगावात काचेचा कारखाना सुरू झाला. तिथे काचकामाचे कारागीर शिकून तयार झाले. तेव्हा परक्याचा माल नाकारणाऱ्याने जाड, महाग कापड अंगावर घेतलं आणि वर पैसाही दिला. त्या लोकमताला वजन होतं ते त्यामुळे.

म्हणून राग धरू नका, असं सांगायचं नाही. ज्या घरातला माणूस पहलगामला मारला गेला, त्या घराच्या शहराने थंड डोक्याने सफरचंद खात बसावं, ही अपेक्षाच क्रूर आहे. फक्त राग सफरचंदाच्या पेटीपाशी थांबू नये. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने देशात दरवर्षी 6,000 टन चुंबकं बनवण्याची क्षमता उभी करण्यासाठी 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आकुर्डी-चाकणच्या वाहन-उद्योगाच्या पट्ट्याइतका तिचा उपयोग फार थोड्या ठिकाणी होईल. पुढच्या खेपेला आपले खासदार मत मागायला दारात आले, की त्यांना विचारा: त्यांतली किती टन चुंबकं प्रत्यक्षात तयार झाली?