सुरती हवेतला घरचा साबण

तेलावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया झाली की साबण तयार होतो आणि त्याच्यासोबत ग्लिसरीन. 100 ग्रॅम तेलामागे साधारण 10 ग्रॅम ग्लिसरीन निघते. मोठे कारखाने ते बहुधा वेगळे काढून घेतात. घरच्या वडीत ते तसेच राहते. ग्लिसरीन त्वचेला मऊ ठेवते, पण हवेतले पाणीही ओढते. सुरतसारख्या खाडीकाठच्या दमट शहरात साबण करायचा तर हा दुसरा गुण आधी लक्षात घ्यावा लागतो.

घरी साबण दोन प्रकारे होतो. बाजारात मिळणारा तयार 'सोप बेस' वितळवून साच्यात ओतायचा, किंवा तेलापासून सगळे स्वतः करायचे. नक्षीदार, पारदर्शक, रंगांचे थर असलेल्या भेटवस्तूंच्या वड्या बहुतेक पहिल्या प्रकारच्या असतात. त्यात सोड्याला हात लावावा लागत नाही, म्हणून नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

बेसचे लहान तुकडे करून ते गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवतात. 60 ते 65 अंश पुरे. उकळी आली की पाणी उडते आणि वडी चिवट होते. मिश्रण 55 अंशांच्या आसपास उतरले की सुगंध घालायचा, 100 ग्रॅमला 1 ते 2 ग्रॅम. ओतल्यावर वर बुडबुड्यांची साय धरते; गॅस बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा मारला की ती फुटते. खरे कौशल्य दोन रंगांच्या थरांत आहे. पहिल्या थरावर बोट टेकवले तर ठसा उमटू नये, पण तो कोमट असावा. त्यावर टाचणीने बारीक ओरखडे काढून पुन्हा फवारा मारायचा आणि मग दुसरा थर ओतायचा. दुसरा थर फार गरम असेल तर खालचा वितळून रंग एकमेकांत जातात. पहिला पुरता थंड झाला असेल तर वापरताना वडीचे दोन तुकडे हातात येतात. सिलिकॉनचे साचे सोयीचे असतात, आणि गणपतीनंतर फळीवर गेलेला प्लॅस्टिकचा मोदकसाचाही छान चालतो. फक्त तो मोदक लहान मुलांच्या हाती लागू नये.

तेलापासून साबण करताना सुरतेतल्या स्वयंपाकघरातूनच बरेचसे साहित्य निघते. लिंबायत, उधना, डिंडोलीच्या खानदेशी घरांतही शेंगदाण्याच्या तेलाला सींगतेल आणि सरकीच्या तेलाला कपासिया म्हणणे कानावर पडते. खोबरेल फेस आणि कडकपणा देते, सींगतेल सौम्यपणा देते, आणि थोडे एरंडेल, म्हणजे गुजरातीतले दिवेल, फेस टिकवते. देशातल्या एरंडीचा बहुतांश भाग गुजरातेतच पिकतो, त्यामुळे ते शोधावे लागत नाही. कपासिया स्वस्त, पण साबणात बेभरवशाचे: प्रमाण वाढले तर काही महिन्यांत वडीवर नारिंगी ठिपके उठतात आणि खवट वास येतो.

प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. ग्रॅमला खोबरेलास सुमारे 0.183 ग्रॅम, सींगतेलास 0.136 आणि एरंडेलास 0.128. 200 ग्रॅम खोबरेल, 250 ग्रॅम सींगतेल आणि 50 ग्रॅम एरंडेल घेतले, तर हिशेबाने 77 ग्रॅम सोडा येतो. त्यातला पाच टक्के कमी करून 73 ग्रॅमच घेतात, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि सोडा शिल्लक राहत नाही. पाणी 170 ग्रॅम. इथे वाटी-चमच्याचे माप चालत नाही. ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. मोरी साफ करायचा सोडाही नको, त्याच्या शुद्धतेचा भरवसा नसतो.

सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. मिश्रण क्षणात वाफाळते आणि 80 अंशांच्या वर जाऊ शकते. म्हणून हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवी. भांडे स्टीलचे, ॲल्युमिनियमवर सोडा तुटून पडतो आणि ज्वलनशील हायड्रोजन सुटतो. अंगावर थेंब उडाला तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. तेल आणि सोड्याचे पाणी दोन्ही 40 अंशांच्या आसपास आली की एकत्र करून घुसळतात. मिश्रण पातळ पिठल्यासारखे झाले आणि पळीतून पडलेली धार वर क्षणभर दिसत राहिली, की साच्यात ओतायचे. एक-दोन दिवसांनी कापून वड्या हवेशीर जागी चार ते सहा आठवडे सुकवतात.

रंगाच्या बाबतीत हळद फसवते. सोड्यात ती लाल होते. चुना लागलेली हळद पाहिलेल्याला याचे नवल वाटू नये. वडी सुकते तसा तो रंग मातकट पिवळ्याकडे झुकतो. गुलाबाच्या पाकळ्या तपकिरी पडतात, झेंडूच्या मात्र टिकतात. कापडाच्या शहरात घरोघरी रंगाच्या पुड्या सापडतात, पण कापडाचा रंग त्वचेसाठी नसतो. सौंदर्यप्रसाधनांसाठीचा रंग किंवा अभ्रकाची पूडच घ्यावी. मेणबत्तीचा सुगंधही वर्ज्य. गवती चहा आणि वाळ्याची तेले सोड्यात बऱ्यापैकी तग धरतात, मोसंबीचा वास लवकर उडतो आणि व्हॅनिला पांढऱ्या वडीला तपकिरी करतो.

आता हवा. जून ते सप्टेंबर सुरतेत हवा ओलीचिंब असते. बेसच्या वड्या उघड्या ठेवल्या तर तासाभरात त्यांच्यावर दवासारखे थेंब जमू शकतात. साबण बिघडलेला नसतो. ग्लिसरीनने हवेतले पाणी ओढलेले असते. साच्यातून काढताच वडी क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळली की हे टळते. तेलापासूनच्या वड्या पावसाळ्यात सुकायला जास्त दिवस घेतात. म्हणून दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी घरचा साबण हवा असेल तर तो मार्च-एप्रिलमध्येच करून ठेवणे शहाणपणाचे. श्रावणात आठवण झाली तर सरळ बेस वितळवावा.

घरच्यांपुरता साबण करायला परवानगी लागत नाही. विकायचा असेल तर 2020च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो, आणि वेष्टनावर घटक, वजन, उत्पादकाचा पत्ता आणि वापरण्याची मुदत छापावी लागते.