रूझवेल्ट विरुद्ध टाफ्ट : १९१२ च्या उमेदवारीबद्दलचे गैरसमज

अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ मध्ये आपले युद्धमंत्री विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांना वारस म्हणून पुढे केलं आणि राष्ट्राध्यक्षपदावर बसवलं. चारच वर्षांनी हे दोघे रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी एकमेकांविरुद्ध उभे ठाकले. दोन मित्रांचं भांडण म्हणून ही लढत रंगवून सांगितली जाते. पण उमेदवार नेमका कोण ठरवतो, हा तिच्यातला खरा प्रश्न आहे.

गैरसमज : हे वैर निव्वळ अहंकारातून आलं.
वस्तुस्थिती : रूझवेल्टना सत्तेची ओढ होतीच, पण मतभेद धोरणांचेही होते. जानेवारी १९१० मध्ये टाफ्ट यांनी वनखात्याचे प्रमुख आणि रूझवेल्ट यांचे निकटचे सहकारी गिफर्ड पिंचो यांना पदावरून काढलं. ऑक्टोबर १९११ मध्ये टाफ्ट सरकारने ‘यूएस स्टील’वर मक्तेदारीविरोधी खटला भरला. १९०७ च्या आर्थिक संकटात रूझवेल्टनी स्वतः संमती दिलेल्या एका खरेदीवर त्यात ठपका होता. हा घाव वर्मी बसला.

गैरसमज : रूझवेल्ट यांचं पुन्हा उभं राहणं घटनाबाह्य होतं.
वस्तुस्थिती : दोनदाच निवडून येण्याची मर्यादा १९५१ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीने आली. तोवर तो फक्त संकेत होता. शिवाय रूझवेल्ट निवडून आले होते एकदाच, १९०४ मध्ये. त्याआधी १९०१ साली राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या हत्येनंतर, उपाध्यक्ष असल्यामुळे ते राष्ट्राध्यक्षपदावर आले होते.

गैरसमज : प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीचं मतदान, जिंकणाऱ्यालाच तेव्हाही उमेदवारी मिळत असे.
वस्तुस्थिती : १९१२ मध्ये जेमतेम डझनभर राज्यांत प्रायमरी झाल्या. त्यांतल्या नऊ रूझवेल्टनी जिंकल्या, टाफ्ट यांचं स्वतःचं राज्य ओहायोसुद्धा. तरी जूनमधल्या शिकागो अधिवेशनात उमेदवारी टाफ्टनाच मिळाली, कारण बहुतेक प्रतिनिधी राज्यांतले पक्षनेते ठरवत. दक्षिणेत रिपब्लिकन मतं नाममात्र होती, पण तिथून प्रतिनिधी येतच. त्यांतले अनेक जण पोस्टमास्तरसारख्या सरकारी नेमणुकांसाठी राष्ट्राध्यक्षांवर अवलंबून असत.

गैरसमज : टाफ्ट यांनी उमेदवारी सरळसरळ चोरली.
वस्तुस्थिती : अधिवेशनातल्या प्रतिनिधींच्या १,०७८ पैकी २५४ जागांवर वाद होता. पक्षाच्या राष्ट्रीय समितीने त्यांतल्या २३५ टाफ्टना दिल्या आणि १९ रूझवेल्टना. समितीत टाफ्ट समर्थकांचं वर्चस्व होतं, हे खरं. रूझवेल्ट गटाचे अनेक दावे तकलादू होते, हेही खरं. आणि याच यंत्रणेच्या बळावर रूझवेल्टनी १९०८ मध्ये टाफ्ट यांची उमेदवारी पक्की केली होती. म्हणून दोष एका माणसापेक्षा पद्धतीचा अधिक होता. पंच आणि खेळाडू एकाच संघाचे असतील, तर निकाल योग्य असला तरी हरणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही.

गैरसमज : रूझवेल्टनी मतं फोडली नसती, तर टाफ्टच जिंकले असते.
वस्तुस्थिती : उमेदवारी हुकल्यावर नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे लढून रूझवेल्टनी सुमारे २७ टक्के मतं मिळवली, टाफ्टनी २३. सुमारे ४२ टक्के मतांवर डेमोक्रॅट वुड्रो विल्सन यांनी ४३५ इलेक्टोरल मतं घेतली. रूझवेल्टना ८८ मिळाली, टाफ्टना अवघी ८. फुटीचा फायदा विल्सनना झाला, यात शंका नाही. पण रूझवेल्ट यांचे सगळे सुधारणावादी मतदार टाफ्ट यांच्याकडे वळले असते, हे गृहीत धरता येत नाही. शिवाय रिपब्लिकनांनी या फुटीआधी, १९१० मध्येच प्रतिनिधिगृह गमावलं होतं.

गैरसमज : या धड्यानंतर पद्धत लगेच सुधारली.
वस्तुस्थिती : १९६८ मध्येही ह्युबर्ट हम्फ्रे एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. त्यावर उसळलेल्या संतापातून नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरींना निर्णायक वजन आलं. म्हणजे सामान्य मतदाराचा कौल उमेदवार निवडीत खऱ्या अर्थाने उतरायला १९१२ नंतर साठ वर्षं लागली. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर कोणाची नावं येणार, हे त्याआधीच्या नियमांत ठरतं. म्हणून त्या नियमांवर मतदारांनी मतदानाइतकंच बारीक लक्ष ठेवायला हवं.