माउझर पिस्तूल आणि त्याची दुर्मीळ भावंडे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पिस्तुलावर लेख लिहावा? हा प्रश्न हे पान उघडणाऱ्या काहींना पडेल. आमच्या इतिहासाच्या सरांनाही तो पडला होता. पण "लिही, मात्र त्यात इतिहास दिसला पाहिजे," अशी अट घालून त्यांनीच होकार दिला.

हे वेड मला लागले ते वडिलांमुळे. अप्पा सातवी शिकलेले, एका वर्कशॉपात टर्नर. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच, त्यामुळे मी आणलेले प्रत्येक पुस्तक अप्पा एकदा चाळतात. ग्रंथालयातल्या एका इंग्रजी पुस्तकात जर्मनीच्या माउझर सी-९६ पिस्तुलाचे सुटे भाग मांडलेले चित्र होते. अप्पा त्यावर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "ह्यात स्क्रू कुठं हायत?" मी मजकूर वाचला. अख्ख्या पिस्तुलात स्क्रू एकच, तोही लाकडी मुठीचा! बाकीचे भाग एकमेकांच्या खाचांत अडकवून बसवलेले. मी तेच चित्र दोनदा पाहिले होते, पण मला ते दिसले नव्हते.

हे पिस्तूल ओबर्नडोर्फ गावच्या माउझर कारखान्यात फेडर्ले नावाच्या तिघा भावांनी तयार केले. १८९५ मध्ये त्याचे पेटंट निघाले. "नाव कुणाचं लागलं?" अप्पांनी विचारले. मी म्हणालो, "मालकाचं. पाउल माउझरचं." अप्पांनी नुसती मान हलवली.

अर्धस्वयंचलित म्हणजे काय, तेही सांगतो. गोळी सुटताना बसणारा धक्का वाया न घालवता त्याच्याच जोरावर रिकामे टरफल बाहेर पडते, घोडा पुन्हा ताणला जातो आणि पुढचे काडतूस नळीत जाते. प्रत्येक गोळीसाठी चाप मात्र नव्याने ओढावा लागतो. सी-९६ मध्ये काडतुसांची पेटी चापाच्या पुढे असते आणि ती पट्टीने वरून भरतात. लाकडी म्यान मुठीच्या मागे जोडले की तेच खांद्याला टेकवायचा दस्ता होते.

या पिस्तुलाचा मुंबईशीही एक धागा आहे. १८९६ मध्ये तरुण विन्स्टन चर्चिल ससून डॉकवर उतरत असताना होडी हेलकावली आणि त्याचा खांदा निखळला. तो अधूपणा कायमचा राहिला. म्हणूनच २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमध्ये ओम्दुर्मानच्या लढाईत घोडदळाने चाल केली तेव्हा त्याच्या हाती तलवारीऐवजी माउझर पिस्तूल होते.

आता दुर्मीळ भावंडांकडे वळतो. १९३७ पर्यंत माउझरने सुमारे दहा लाख सी-९६ बनवली, पण ती सगळी एकसारखी नाहीत. अगदी सुरुवातीची काही सहा गोळ्यांची, काही वीस गोळ्यांची. दहा गोळ्यांचा नमुना रूढ झाला आणि ही दोन्ही मागे पडली. वीस गोळ्यांचे तर आज फारच क्वचित आढळते. तुर्कस्तानने १८९७ मध्ये एक हजार नग मागवले. त्यांच्यावरचे आकडे तुर्कांना वाचता यावेत म्हणून अरबी लिपीतले आहेत. इराणसाठी केलेल्या पिस्तुलांवर सिंह आणि सूर्य कोरलेला आहे. इटलीच्या नौदलाने १८९९ मध्ये पाच हजार घेतली, त्यांच्या बाजू सपाट आहेत. इतर नगांवर दिसणारे खोलगट चौकोन त्यांच्यावर नाहीत. चित्र पाहून अप्पा म्हणाले, "मिलिंगचं येक काम वाचलं की!" पुस्तकात असे काही नव्हते, पण मला ते पटते.

गंमत अशी की खुद्द जर्मन लष्कराने हे पिस्तूल आपले अधिकृत शस्त्र म्हणून कधी स्वीकारलेच नाही. पहिल्या महायुद्धात पिस्तुले कमी पडली तेव्हा १९१६ मध्ये दीड लाख नगांची मागणी आली, आणि तीही लष्कराच्या ९ मिलिमीटर काडतुसासाठी. मूळचे काडतूस ७.६३ मिलिमीटरचे. सैनिकाने गोंधळून भलतेच काडतूस भरू नये म्हणून मुठीवर ९ चा मोठा आकडा कोरून तांबड्या रंगाने भरला. (दीड लाखांना दुर्मीळ कसे म्हणावे, हे संग्राहकच जाणोत.)

व्हर्सायच्या तहाची कलमे मी गेल्या वर्षी परीक्षेसाठी पाठ केली होती. ती मला कळली मात्र या पिस्तुलाच्या नळीवरून. मूळ नळी १४० मिलिमीटरची. तहानंतरच्या निर्बंधांमुळे जर्मन कारखान्यांना १०० मिलिमीटरहून लांब नळीची पिस्तुले बनवता येईनात. माउझरने नळी केली ९९ मिलिमीटरची! ही आखूड पिस्तुले १९२० नंतरच्या दशकात सोव्हिएत रशियाने पुष्कळ घेतली. बोल्शेविकांवरून त्यांना 'बोलो' हे नाव पडले.

मला सर्वांत आवडलेले भावंड मात्र जर्मन नाहीच, ते चिनी आहे. चीनमध्ये त्या काळी सुभेदार आपापसांत लढत होते. परदेशांनी तिथे रायफली विकण्यावर बंदी घातली होती, पण पिस्तुले त्यातून निसटत. दस्ता लावला की जवळजवळ छोटी रायफल होणारे माउझर तिथे अमाप खपले. शान्शी प्रांताचा सुभेदार येन शी-शान याच्या ताय्युआन येथील कारखान्यात अमेरिकन थॉम्सन बंदुकीच्या नकला होत. तिचे काडतूस .४५ इंचाचे, जाडजूड. दोन्ही शस्त्रांना एकच काडतूस चालावे म्हणून येनने माउझरच मोठे करून बनवले. अशी सुमारे साडेआठ हजार निघाली. त्यांच्या एका बाजूला 'नमुना सतरा' अशी चिनी अक्षरे आहेत आणि दुसऱ्या बाजूला 'प्रजासत्ताकाचे अठरावे वर्ष, शान्शीत बनवले' असा ठसा आहे. अठरावे वर्ष म्हणजे १९२९.

मी हे वाचून दाखवत होतो तेव्हा अप्पांचे लक्ष अक्षरांकडे नव्हतेच. ते पेटीवर बोट ठेवून म्हणाले, "ही चापाच्या खाली लोंबतीया बघ. काडतूस जाड झालं, दहा बसवायला जागा नको का?" मी मूळ जर्मन पिस्तुलाचे चित्र शेजारी ठेवून पाहिले. त्याची पेटी चापाच्या कड्याच्या वरच संपत होती.