मिठागर, माठ आणि मॉन्सून

मे महिन्यातली दुपार. भाईंदर पश्चिमेला स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की डांबरी रस्त्याची धग थेट पोटऱ्यांना लागते. पण रिक्षा राई-मोर्व्याच्या रस्त्याला लागली, मिठागरं आणि तिवरं दिसू लागली, की जिवाला जरा बरं वाटतं. ऊन तेच, आभाळ तेच. मग फरक कशाचा?

मैत्रिणींनो, उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातल्या माठात आहे. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. ही उष्णता काही थोडीथोडकी नसते, बरं का! एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी लागते, तेवढ्यात ४० वॅटचा दिवा सोळा-सतरा तास जळेल. मिठागर म्हणजे जमिनीवर पसरलेला उथळ माठच. तिथल्या उन्हाचा मोठा भाग पाणी उडवण्यात खर्च होतो. सिमेंटला उडवायला पाणीच नाही. ते तव्यासारखं तापतं आणि रात्री आपल्याला झोपू देत नाही.

आभाळाची जमाखर्चाची वही

शास्त्रज्ञ नेमका हाच हिशेब संगणकावर मांडतात. जमिनीचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकाची वही उघडायची. जमेला ऊन, खर्चाला परत फेकलेलं ऊन, हवा तापवणं, पाणी उडवणं आणि जमिनीत मुरलेली उष्णता. एका चौकोनातली वाफ वाऱ्याने शेजारच्या चौकोनात जाते, तिथे तिचा ढग होतो. या साऱ्या मांडणीला 'मॉडेल' म्हणतात.

सुरुवात अगदी घरगुती होती. १९६९ मध्ये स्युकुरो मनाबे या शास्त्रज्ञाने जमीन म्हणजे एक बादली मानली. पाऊस पडला की ती भरते, १५ सेंटिमीटरच्या वर गेलं की वाहून जाते, आणि जितकी रिकामी तितकी वाफ कमी. पाणीकपातीत बादल्या मोजणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको! या मनाबेंना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

१९८२ मध्ये बलिया जिल्ह्यातल्या खेड्यात जन्मलेले जगदीश शुक्ला आणि त्यांचे सहकारी येल मिंट्झ यांनी संगणकात दोन पृथ्व्या केल्या. एकीची सगळी जमीन ओलीचिंब, दुसरीची ठक्क कोरडी. कोरड्या पृथ्वीवर युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भागातला पाऊस जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे आभाळ जमिनीला पाऊस देतं, तशी जमीनही आभाळाला देत असते. पुढे २००४ मध्ये डझनभर मॉडेलांची तुलना झाली. जमिनीतल्या ओलीवर जिथला पाऊस विशेष अवलंबून असतो, अशा प्रदेशांत भारताचाही भाग निघाला.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. पवईच्या आय.आय.टी.तले सुबिमल घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की झाडी जाऊन शेतं आली की मॉन्सूनचा पाऊसही घटतो. २०१८ च्या अभ्यासात दिसलं, की नैऋत्य मॉन्सूनमध्ये तमिळनाडूवर पडणाऱ्या पावसात सह्याद्रीतल्या जंगलांनी सोडलेल्या वाफेचा मोठा वाटा असतो. आपल्याकडचं झाड तोडलं, तर कोरडं पडतं दुसरीचं अंगण!

चौकोन जितका लहान तितका बरा

२६ जुलै २००५ आठवतो ना? त्या दिवसाच्या नोंदीत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३! मोठ्या चौकोनात असा फरक हरवून जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत तयार झालेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ६ किलोमीटरच्या चौकोनांवर चालते. आधी ते १२ किलोमीटरचे होते. पण वहीत 'मिठागर' लिहिलेलं आणि प्रत्यक्षात तिथे टॉवर उभा, असं झालं तर हिशेब चुकायचाच.

मग आपण काय करायचं?

● विदर्भातल्या जावेचं पाहून ओले पडदे लावू नका. तिथली हवा कोरडी, म्हणून ते चालतात. आपल्याकडे त्याने दमटपणाच वाढतो. सकाळी पूर्वेच्या आणि दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीवर सावली करा. समुद्रावरचा वारा सुटला की समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

● दोरीवरचे कपडे वाळत नसतील, तर अंगावरचा घामही वाळत नाही, हे ओळखा. म्हणूनच हवामान खातं किनाऱ्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार ३७ अंशांपासून करतं. सपाटीवर तो आकडा ४० आहे. अशा दिवशी स्वयंपाक सकाळीच उरका. मुलांना आणि सासूसासऱ्यांना तहानेची वाट न पाहता पाणी, ताक, कोकम सरबत द्या. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर अंगावर पाणी मारत लगेच दवाखाना गाठा.

● वरच्या मजल्यावर राहत असाल, तर गच्चीला पांढरा रंग देण्याचा विषय सोसायटीच्या सभेत काढा. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो.

● आवारात सगळीकडे फरशी घालायचा ठराव आला, तर झाडांभोवती तरी माती मोकळी ठेवायला लावा. तेवढीच मनाबेंची बादली!

● तिवरांत राडारोडा टाकताना दिसला, तर महापालिकेकडे लेखी तक्रार करा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर तिवरांच्या नाशावर बंदी घातली आहे.

मीठ पिकवणारी जमीन एकदा भरावाखाली गेली की परत येत नाही, आणि तिचा गारवाही तिच्याबरोबर जातो. त्या जागेचं काय करायचं याची चर्चा निघेल, तेव्हा घरात बसून राहू नका. "बायकांना यातलं काय कळतं?" असं कुणी विचारलंच, तर त्याला आधी आपल्या माठातलं गार पाणी द्या, आणि ते गार कसं झालं हे विचारा!