बियांतील तेलाची साक्ष

माघाच्या सुमारास गाझियाबादच्या आसपासच्या शेतांत मोहरी पिवळीधमक फुललेली असते, आणि शहरातल्या बागांतून वाटोळ्या पानांचे, केशरी फुलांचे नॅस्टर्शियम बहरू लागते. परंतु या दोहोंत काही आप्तसंबंध असेल अशी शंका पाहणाऱ्याच्या मनाला शिवत नाही. एकोणिसाव्या शतकात बेंथॅम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांनीही नॅस्टर्शियमला जिरेनियमच्या कुलात दाखल केले होते. बियांतील तेलाची साक्ष मात्र निराळी होती. मोहरीच्या पारंपरिक वाणांच्या तेलात २२ कार्बनांच्या साखळीचे इरुसिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते, आणि नॅस्टर्शियमच्या बियांत त्याहूनही अधिक. पुढे १९९८ साली जनुकांच्या आधारे नवी वर्गवारी प्रसिद्ध झाली, तेव्हा नॅस्टर्शियम मोहरीच्याच गणात आले.

पानांतील मेदाला प्रकाशसंश्लेषणाची पटले सांभाळावयाची असल्यामुळे त्याची घडण बहुतेक वनस्पतींत सारखीच राहते; बीजातील तेल हा केवळ अंकुरासाठी केलेला साठा असल्याने तेथे निसर्गाला मोकळीक मिळते, आणि वंशाची खूण तेथेच उमटते. ती वाचण्यासाठी बी कुटून तेल काढतात, त्यातील मेदाम्लांचे मेथिल एस्टर बनवितात, आणि ते तापविलेल्या, केसासारख्या बारीक नळीतून वायूच्या प्रवाहाबरोबर सोडतात; आखूड साखळीचे रेणू साधारणतः आधी व लांब साखळीचे मागाहून बाहेर पडतात, आणि आलेखावर प्रत्येकाचे शिखर आपापल्या वेळी उमटते.

तेलाच्या साक्षीचे आणखी एक उदाहरण पाहा. सल्फोन औषधे येईपर्यंत ज्याच्या तेलावर कुष्ठरोग्यांची भिस्त असे, त्या कोकणातील कडू कवठाच्या मेदाम्लांच्या टोकाशी पाच कार्बनांचे कडे असते. तांबटाचे झाड पूर्वी त्याच कुलात गणले जाई, पण त्याच्या बियांत हे कडे नाही. ते जुने कुल पुढे मोडले. तांबट वाळुंजाच्या कुलात गेला आणि कडू कवठ अकॅरिएसी कुलात.

तथापि या एकट्या साक्षीवर निवाडा देणे धोक्याचे होय. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या ‘पुसा करिश्मा’ वाणात इरुसिक आम्ल दोन टक्क्यांहूनही कमी आहे, तरी ती मोहरीच. फूल, परागकण आणि जनुक यांच्या जोडीनेच तेलाचा दाखला ग्राह्य धरावा. म्हणून वनस्पतींचे नमुने गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, वाळविलेल्या फांदीबरोबर पक्व बियांची एक पुडीही दप्तरी ठेवावी.